हे तर घरीच मिळतं

जॉर्ज स्ट्रीट, लंडन : ऑक्टोबर १८११

कोटाची कॉलर वर करा आणि पाय जपून टाका. रस्त्यात घोड्यांची लीद आहे, आणि तेलाच्या दिव्यांचा उजेड खांबाच्या बुडाशीच संपतो. वर आभाळात मात्र शेपटीवाला तारा स्पष्ट दिसतो आहे. हा १८११चा मोठा धूमकेतू. सगळं शहर माना वर करून त्याच्याकडे बघतंय. तुम्ही समोर बघा. तुम्हाला ३४ नंबरचं घर शोधायचं आहे.

वस्ती बड्यांची आहे. पलीकडेच पोर्टमन स्क्वेअर. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात पैसा करून परतलेली मंडळी या बाजूला घरं घेऊन राहिली आहेत. त्यांना नबाब म्हणायची इथे पद्धत आहे, आणि ती कौतुकाची नाही. त्यांच्या घरांत हुक्के आहेत, काश्मिरी शाली आहेत, आणि काही घरांत तिकडून सोबत आणलेले नोकरचाकरही आहेत. हे शेवटचं ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

तुम्ही दारात उभे राहता, तर आतला पोऱ्या तुमच्या खांद्यावरून मागे बघतो. तुमचे साहेब कुठे राहिले, ते तो शोधतोय. १८११च्या लंडनमध्ये हिंदी माणूस म्हणजे जहाजावरचा खलाशी, नाहीतर कुणाचा तरी खानसामा. तो वाढायला येतो, जेवायला नाही. पोऱ्याचा गोंधळ बघून मालकच पुढे येतो, तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो आणि काही न विचारता कोपऱ्यातल्या मेजाशी नेऊन बसवतो.

मालकाचं नाव दीन महंमद. वय पन्नाशीच्या जरा पुढे. जन्म १७५९चा, पाटण्याचा. पोरवयात कंपनीच्या बंगाल फौजेबरोबर निघाला, सुभेदारापर्यंत चढला, आणि १७८४मध्ये आपल्या कॅप्टन बेकरबरोबर आयर्लंडला कॉर्क शहरात आला. तिथे जेन डॅली या आयरिश मुलीशी लग्न केलं. १७९४मध्ये स्वतःच्या प्रवासाचं पुस्तक इंग्रजीत छापलं. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेलं ते पहिलं पुस्तक. लंडनला आल्यावर बेसिल कॉक्रेन नावाच्या एका धनाढ्य नबाबाच्या पोर्टमन स्क्वेअरमधल्या वाफेच्या स्नानगृहात त्याने काम केलं. नबाबांना काय आवडतं ते त्याने तिथे जवळून पाहिलं असणार. गेल्या वर्षी त्याने हे दुकान थाटलं : हिंदुस्तानी कॉफी हाउस.

कॉफी मागू नका, कॉफी हा इथला मुद्दा नाही. खोली बघा. कोच आणि खुर्च्या बांबूच्या. भिंतींवर पूर्वेकडची चित्रं. शेजारी हुक्क्यासाठी वेगळी खोली, आणि चिलमीत खरा हिंदुस्थानी तंबाखू. मार्च महिन्यात मालकाने ‘टाइम्स’मध्ये जाहिरात दिली आहे. आगाऊ कळवलं तर हिंदुस्थानी जेवण घरपोच पाठवायचीही त्याची तयारी आहे. आज मुंबई-दुबईत ‘मॉडर्न इंडियन’ अशी पाटी लावून जे उभं राहतं, त्याचं सगळं सामान या खोलीत आधीच मांडलेलं आहे : सजावटीतला ‘तिकडचा’ भास, हुक्का लाउंज, महागडी वस्ती, जाहिरात, होम डिलिव्हरी. आणि अर्थात दर.

मेन्यू हाताने लिहिलेला आहे. त्याची एक नक्कल दोनशे वर्षं टिकून २०१८ मध्ये लंडनच्या दुर्मीळ पुस्तकांच्या बाजारात विकायला यायची आहे. कोंबडीची करी, लॉब्स्टरची करी, कोकराचा कुर्मा, पुलाव, चटण्या, रोट्या. अननसाच्या पुलावाचा आकडा बघून तुम्ही दचकता : १ पौंड, १६ शिलिंग, ६ पेन्स. लंडनच्या मोलकरणीला एवढी रक्कम मिळवायला कित्येक आठवडे लागतात. पण विलायतेत अननस काचेच्या घरात, भट्टीच्या उबेवर पिकवावा लागतो. तो पुलावात घालणं म्हणजे पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर पैसे शिजवणं.

तुमच्यासमोर कोंबडी येते. रश्श्याचा रंग हळदीचा. लाली शोधू नका, टोमॅटो अजून या भांड्यात पडायचा आहे. तंदूर मागू नका, बटर चिकनला सव्वाशेहून जास्त वर्षं अवकाश आहे. धणे लागतात, केयेन मिरची घशाशी जाणवते, भात मोकळा आहे. हाताने जेवायचा मोह आवरा. काटा-चमचा घ्या, नाहीतर तो पोऱ्या पुन्हा तुमचे साहेब शोधायला लागेल.

पलीकडच्या मेजावर चौघं बसलेत. चेहरे उन्हाने रापलेले, आवाज कवायतीचे. त्यातल्या एकाने मिठाचं भांडं मेजाच्या मधोमध सरकवलं आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन चमचे ठेवलेत. भांडं म्हणजे असई गाव. चमचे म्हणजे केळणा आणि जुई. या दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ला वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेला कसं गाठलं, ते तो बाकीच्यांना समजावतोय. मिरीचे दाणे एका ओळीत मांडतो. त्या शिंद्यांच्या तोफा. तुम्ही मान वळवत नाही. ते गाव तुम्हाला ठाऊक आहे, भोकरदनच्या बाजूला, जालना जिल्ह्यात. पुण्यात अजून दुसरा बाजीराव गादीवर आहे, एल्फिन्स्टन याच साली रेसिडेंट म्हणून तिथे दाखल झालाय आणि पेशवाईची सात वर्षं उरली आहेत. हे इथे कुणाला सांगायला जाऊ नका. गोष्ट संपते. तो माणूस शिंद्यांच्या तोफा चिमटीत गोळा करतो आणि स्वतःच्या रश्श्यात टाकून ढवळतो.

एक घास खाऊन तो म्हणतो, “छान आहे. पण खरं सांगू का, माझ्या घरी पाटण्याचा बावर्ची आहे. हे तर घरीच मिळतं.”

बाकीचे तिघं माना डोलावतात. दीन महंमद हातात सुरई घेऊन मागेच उभा आहे. त्याने ते ऐकलं आहे. चेहऱ्यावर काही नाही. फौजेत राहिलेला माणूस.

त्या एका वाक्याने हे दुकान बसणार आहे. ज्यांना ही चव कळते त्यांच्या घरी आचारी आहेत. ज्यांच्या घरी आचारी नाहीत त्यांना ही चव कळत नाही. शिवाय शहरात कंपनीच्या व्यापाऱ्यांची जुनी कॉफी हाउसं आहेत. करी तिथेही मिळते आणि इतकं दूर यावंही लागत नाही. पोर्टमन स्क्वेअरचं भाडं मात्र थांबत नाही. १८१२च्या मार्चमध्ये दीन महंमद दिवाळखोरीचा अर्ज करील. पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात त्याचीच जाहिरात येईल, बटलरच्या नोकरीसाठी. त्यानंतर तो ब्रायटनला जाऊन औषधी वाफारा आणि चंपी-मालिशचं स्नानगृह काढील, दोन राजांना मालिश देण्याचा मान मिळवील आणि १८५१पर्यंत जगेल. शरीर रगडून घ्यायला विलायतेत घरी कुणी नव्हतं. तो धंदा चालला.

रीजंट स्ट्रीट, लंडन : १९२६

इथे फार वेळ काढायचा नाही, पण एक खुर्ची ओढून बसा. वीरास्वामी नावाचं हे रेस्टॉरंट नुकतंच उघडलं आहे. मालक एडवर्ड पामर. वेंब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनात त्याने हिंदुस्थानी जेवणाचा विभाग सांभाळला होता, आणि तिथली गर्दी बघून हे धाडस केलं. त्याचं घराणं तुमच्या ओळखीचं निघेल. त्याचा पणजोबा जनरल विल्यम पामर हा १७९८ ते १८०१ या काळात पुण्याला, पेशव्यांच्या दरबारी, कंपनीचा रेसिडेंट होता. पणजी फैज बक्श ही मुघली घराण्यातली. म्हणजे रीजंट स्ट्रीटवरच्या या झुंबरांच्या दालनाचं एक मूळ मुळा-मुठेच्या संगमापर्यंत जातं.

गिऱ्हाईक ओळखीचंच आहे : निवृत्त कलेक्टर, निवृत्त कर्नल, त्यांच्या बायका. फेटेवाले वेटर अदबीने वाकतात. सगळं जॉर्ज स्ट्रीटसारखंच, मग हे चालतं कसं? शेजारच्या मेजावरच्या मडमेचं बोलणं ऐका. ती नोकरांच्या नावाने रडते आहे. महायुद्धानंतर विलायतेत घरकामाला माणूस मिळणं अवघड झालंय. कारखाने आणि कचेऱ्या मुलींना जास्त पगार देतात. हिंदुस्थानात हिच्या हाताखाली नोकरांची फौज होती, इथे एक स्वयंपाकीण आहे आणि तिला करी येत नाही. हिचं ‘घर’ मागे राहिलं, खानसामाही मागेच राहिला. आता ही इथे येते, पैसे मोजते आणि तासभर पुन्हा मेमसाहेब होते.

घरचं जेवण विकत घेतो तो घर तुटलेला माणूस. पामरला तो सापडला, दीन महंमदला नव्हता सापडला.

ग्लॉस्टर रोड, लंडन : डिसेंबर १९८२

भुयारी रेल्वेतून वर या, रस्ता ओलांडा. पाटी दिसेल : बॉम्बे ब्रासरी. ताज समूहाने हे याच महिन्यात उघडलं आहे, आणि त्यामागचं डोकं कॅमेलिया पंजाबी यांचं. आत पामच्या कुंड्या आहेत, वेताच्या उंच पाठीच्या खुर्च्या आहेत, पियानो वाजतोय. छताला पंखे आहेत. बाहेर लोक थंडीने कुडकुडतायत आणि इथे डिसेंबरात छताला पंखे, कारण पंख्याशिवाय बॉम्बे वाटत नाही! एकशे एकाहत्तर वर्षांत सामान हललेलं नाही. साहेबाच्या आठवणीतल्या खुर्च्या आहेत तशाच आहेत.

पण मेन्यू उघडा. विलायतेतल्या ‘इंडियन’ रेस्टॉरंटांत तुम्ही कधी गेला असाल, तर तिथला क्रम तुम्हाला पाठ असेल : कुर्मा म्हणजे सौम्य, मद्रास म्हणजे तिखट, विंदालू म्हणजे पैज. ती बहुतेक दुकानं सिल्हटकडून आलेल्या कष्टाळू माणसांनी उभी केली, आणि गिऱ्हाइकाला झेपेल तेवढं तिखट मोजून घातलं. त्यांच्या स्वतःच्या घरचं जेवण मात्र स्वयंपाकघरातच राहिलं, ते नोकरलोक रात्री दुकान बंद झाल्यावर खायचे. इथल्या मेन्यूवर चक्क सेव बटाटा पुरी आहे. पारशी घरातले पदार्थ आहेत, गोव्याची माशांची करी आहे. इस्त्री केलेल्या गणवेशातला वेटर चौपाटीवरचा खाऊ चांदीसारख्या चकाकत्या थाळीत ठेवून तुमच्यासमोर वाकतो. पुरी उचला. एका घासात तोंडात टाका, नाहीतर कोटावर सांडेल. शेजारचा इंग्रज तुमच्याकडे बघतो, मग आपल्या हातातला काटा खाली ठेवतो आणि तुमच्यासारखीच पुरी उचलतो.

जॉर्ज स्ट्रीटवर तुम्ही त्यांचं बघून काटा घेतला होता. पुरी मात्र त्याच्या हनुवटीवर फुटते. तो मोठ्याने हसतो, त्याची बायको नाही हसत.

थालीपीठ, भरली वांगी, आळूचं फदफदं यांची चौकशी या खोलीत करू नका. मराठी जेवणाने अशा दालनाचा उंबरा ओलांडायला फार वेळ लावला, आणि तो अडवला त्याच जुन्या वाक्याने. पंजाबी खायला आपण हॉटेलात जातो, चायनीज खायला जातो. दादरला मामा काण्यांकडे किंवा प्रकाशमध्ये मिसळ, साबुदाणा वडा खाऊ, तेही वाजवी दरात. पण पांढऱ्या टेबलक्लॉथवर पिठलं आणि त्याचे अमुक इतके रुपये म्हटलं, की आपला चेहराच त्या असईवाल्या साहेबासारखा होतो. हे तर घरीच मिळतं!

गिरणगाव, मुंबई : तोच महिना

पंख्यांखालून उठा आणि त्याच तारखेला परळला उतरा. भोंगे गप्प आहेत. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले आणि वर्ष संपत आलं तरी तिढा सुटलेला नाही. चाळीतल्या एका खोलीत या. दाराशी जोडे-चपलांचा ढीग असायचा, आज चारच जोड आहेत. ही खानावळ. बाई सातारकडच्या. कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेल्या, एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणाऱ्या पुरुषांना त्या महिन्याच्या बोलीवर दोन वेळचं जेवण घालतात : भाकरी, कालवण, भात, वारानुसार सुकट. रत्नागिरीकराला जरा नारळ, कराडकराला जरा तिखट.

घरचं जेवण घर तुटलेल्याला विकायचं, हे गणित मुंबईत या बायकांएवढं कुणीच पक्कं केलं नव्हतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते यांच्यासाठीच; तारणाला काही नसलेल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. आता मात्र मेंबर गावाला निघून गेलेत, उधारीची वही भरलीय. बाई तुम्हाला पाट देतात आणि विचारतात, “कुठल्या खात्यात?” तुम्ही काय सांगणार? जेवा, पैसे रोख द्या, आणि वही बंद करताना त्या बोट कुठे ठेवतात ते बघा. जवळपास अर्ध्या पानावर ‘गावी’ असं लिहिलेलं आहे.

कमला मिल्स, लोअर परळ : २०१५

या मुक्कामाला आईला सोबत घ्या. तिच्याशिवाय इथे येण्यात अर्थ नाही.

गिरणीचं आवार तेच, आत आता कचेऱ्या आहेत, काचा आहेत, गाड्या लावून देणारी मुलं आहेत. पाटी वाचा : द बॉम्बे कँटीन. फेब्रुवारीत उघडलेलं. गिरणीच्या आवारात कँटीन हे नाव महागड्या रेस्टॉरंटाला दिलं आहे. ते कुणाला गमतीचं वाटेल, कुणाला टोचेल. आई गिरगावची असली तरी तिचे मामा गिरणीत होते. ती पाटीकडे दोनदा बघते आणि काही बोलत नाही.

स्वयंपाकामागचा माणूस फ्लॉइड कार्डोझ. मुंबईचा, न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ नावाच्या रेस्टॉरंटात हिंदुस्थानी मसाल्यांना वरच्या वर्गातलं स्थान मिळवून देणारा. २०११ मध्ये त्याने अमेरिकेतली ‘टॉप शेफ मास्टर्स’ ही स्पर्धा जिंकली. अंतिम फेरीत त्याने काय केलं होतं, ते तुम्ही आईला सांगता : उपमा. रानमशरूम घालून.

“उपमा?” आई म्हणते. “आणि त्याला बक्षीस दिलं?”

ती मेन्यू लांब धरून वाचते. वाटेल ते विचारते. वेटर पोरगा डोंबिवलीचा निघतो आणि मराठीत उत्तरं देतो. मेन्यू ऋतूप्रमाणे बदलतो, भाज्या, मासळी इथलीच. आईला हे पटतं, कारण ती आयुष्यभर असंच करत आली आहे; तिने त्याला कधी नाव दिलं नाही एवढंच. शेवटी गुलाबजामाचा डोनट केलेला, रम पाजलेला गोड पदार्थ ती एक घास खाऊन तुमच्याकडे सरकवते. “घरचा बरा.” झालं. दोनशे वर्षांचं ते वाक्य इथेही येऊन पोचलं.

पण मधे एक बशी आली होती. एग्ज केजरीवाल : टोस्टवर वितळलेलं चीज, हिरव्या मिरचीचे तुकडे, वर पिवळं अर्धवट कच्चं राहिलेलं अंडं. हा पदार्थ मुंबईच्या विलिंग्डन क्लबातला. केजरीवाल नावाच्या एका सभासदाच्या शाकाहारी घरात अंड्याला बंदी होती, म्हणून तो ते क्लबात येऊन असं करवून घ्यायचा, अशी गोष्ट सांगतात. तुम्ही ती आईला सांगता. तिने निम्मा टोस्ट संपवलाय. पिवळं बशीत ओघळलंय आणि ती ते पावाच्या कडेने पुसून घेतेय.

आणि इथे तुमचा सगळा हिशेब उलटतो. जॉर्ज स्ट्रीटपासून तुम्ही धरून चालला आहात, की अशा जागी माणूस हरवलेलं घर शोधायला येतो. केजरीवालांचं घर शाबूत होतं, भरलेलं होतं. त्यांना ते तासभर बाहेर ठेवायचं होतं. १८११ मध्ये पाटण्याच्या बावर्चीला घरी ठेवून तो साहेब जॉर्ज स्ट्रीटवर आला, तो तरी कशासाठी? असईची लढाई त्याने घरात किती वेळा मांडली असेल, आणि बायकोने किती वेळा ऐकून घेतली असेल? बावर्ची घरी होता. श्रोते घरी नव्हते. दीन महंमदने अननसाच्या पुलावाऐवजी त्या मेजाचे पैसे लावले असते, तर कदाचित भाडं निघालं असतं.

“आमच्या फोर्टच्या ऑफिसात कँटीन होतं,” आई अचानक सांगायला लागते. “ऑम्लेट-पाव मिळायचा. सासूबाईंच्या घरात अंडं चालायचं नाही. मी शनिवारी अर्धा दिवस सुटल्यावर खाऊन यायचे. तुझ्या बाबांनासुद्धा माहीत नव्हतं.”

“मग घरी करूया की हे,” तुम्ही म्हणता. “काय आहे त्यात? पाव, चीज, अंडं.”

आई बशी स्वतःकडे ओढते. “घरी कशाला? घरी केलं की ते घरचंच होतं. आणखी एक मागव. आणि बिल तू देणार आहेस ना?”